पंचायतीत घरपट्टीसाठी नवं ॲप घ्यायचं चाललंय. घ्यावं का?

पश्चिमभाग

नमस्कार. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका ग्रामपंचायतीत मी सदस्य आहे. गावाचं नाव लिहीत नाही, अर्धं गाव हा धागा वाचेल.

येत्या मासिक बैठकीत एक विषय आहे. प्रत्येक घराच्या चौकटीवर क्यूआर कोडची पाटी ठोकायची, बिल कलेक्टरनं मोबाइलवर ती स्कॅन करायची आणि घरपट्टी, पाणीपट्टी दारातच भरून घ्यायची. कंपनीचा माणूस लॅपटॉपवर सगळं दाखवून गेला. पाटीमागे वेगळे पैसे, ॲपचे वेगळे, वर दरवर्षी 'देखभाल'. अध्यक्षांना पसंत आहे, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब काही बोलत नाहीत.

आता कार्यालयाची अवस्था सांगते. दोन संगणक, त्यातला एकच चालतो. यूपीएसची बॅटरी केव्हाची संपली आहे, लाइट गेली की अर्धवट भरलेला अर्ज गेला. ऑपरेटर एकच मुलगी. ई-स्वत्तूसाठी, म्हणजे घरजागेच्या ऑनलाइन उताऱ्यासाठी, लोक सकाळपासून बाकावर बसलेले असतात आणि दुपारी 'सर्व्हर नाही' ऐकून परत जातात. अशा घरात नवं ॲप आणून ठेवायचं म्हणजे माझ्या जिवावर येतंय. पण नको म्हटलं तर 'बाईंना कॉम्प्युटर नको' असं होणार. कॉम्प्युटर मला हवाच आहे. पैसा कुठं घातला तर लोकांना उपयोग होईल, एवढंच विचारायचं आहे.

राजहंसगड

आमच्या शेजारच्या गावात बसवल्यात अशा पाट्या. दारावर पाट्या हायत, स्कॅन कोण करूलाय? बिल कलेक्टरला घरं तोंडपाठ, त्याला पाटी कशाला? शिमग्याला घराला रंग मारला तेव्हा निम्म्या पाट्या रंगाखाली गेल्या.

जुना_हिशेबनीस

ताई, पंचायतीच्या हिशेबात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या पंचायतीत पंचतंत्र ही सरकारी संगणक प्रणाली आहेच. राज्यातल्या सहा हजारांच्या आसपास ग्रामपंचायती त्याच प्रणालीवर चालतात. घरांची नोंद, मागणी, वसुली, बाकी, म्हणजे आपण ज्याला डीसीबी म्हणतो ते सगळं तिथं असतं. जमाबंदीला, म्हणजे पंचायतीच्या वार्षिक हिशेब तपासणीला, तेच काढतात, लेखापरीक्षकही तेच मागतो. त्यामुळे कंपनीच्या माणसाला एकच प्रश्न विचारा : तुमच्या ॲपवर फाडलेली पावती पंचतंत्रात आपोआप उतरते का?

तो म्हणेल, एक्सेल काढून देतो. याचा अर्थ उतरत नाही. म्हणजे संध्याकाळी तुमची ती एकटी ऑपरेटर मुलगी दिवसभराच्या पावत्या बघून बघून परत पंचतंत्रात भरणार. एका पावतीला दोन वेळा काम, आणि कधीतरी दोन्हीकडचे आकडे जुळणार नाहीत. मार्च अखेरीला तो फरक शोधत बसायचं काम कुणाचं? कंपनीचं नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. हे फार कुणी सांगत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचं (२०२१-२६) जे अनुदान पंचायतीला आलं त्यातलं ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेलं होतं. उरलेलं ४० टक्के मोकळं, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. म्हणजे संगणक, पाट्या, प्रिंटर घ्यायला पैसा होता आणि ते चालवणाऱ्या माणसाला द्यायला नव्हता. म्हणून बघा, प्रत्येक पंचायतीच्या मागच्या खोलीत न फोडलेले खोके सापडतील आणि पुढं खुर्चीत एकच ऑपरेटर. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही, पैशाला वाट तीच ठेवलेली आहे. ऑपरेटरचा पगार तुमच्या स्वतःच्या करातून यायचा. म्हणजे वसुली वाढली तर माणूस ठेवता येईल, आणि माणूस असला तर वसुली वाढेल. ही गाठ पाट्यांनी सुटणार नाही.

आणि वसुली का कमी आहे ते आधी बघा. माझा अनुभव असा की लोक पैसे नाहीत म्हणून थकवत नाहीत. नोंदीत आजोबांचं नाव, घराच्या वाटण्या झालेल्या, बिल एकच येतंय, मग भावाभावांत 'तू भर, मी भर' चालतं. कुणाचं मोजमाप चुकलेलं असतं. ते दुरुस्त करायला वॉर्डात बसावं लागतं.

पश्चिमभाग

हिशेबनीस काका, दोन वेळा भरण्याचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. पण अध्यक्षांचं म्हणणं असं की सरकारी प्रणाली संथ आहे, खासगी ॲप झटकन चालतं. दाखवलं तेव्हा खरंच झटकन चाललं हो.

कोड_आणि_कुंदा

मूळ शहापूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत. विकणाऱ्यांच्या बाजूनं थोडं आतलं सांगतो.

दाखवताना सगळ्यांचंच झटकन चालतं. त्यात दहा घरं भरलेली असतात आणि नेट त्याच्या फोनचं असतं. त्याला म्हणा, आमच्या एका वॉर्डाची खरी यादी भर आणि आमच्या बिल कलेक्टरच्या फोनवर महिनाभर चालवून दाखव, फुकट. जो तयार होत नाही त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पुढचं कराराचं. माहिती कुणाची? घरमालकांची नावं, फोन नंबर, थकबाकी हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर बसणार. करार संपल्यावर ती पूर्ण माहिती कुठल्या स्वरूपात, किती दिवसांत परत देणार आणि स्वतःकडची पुसणार का, हे कागदावर हवं. नाहीतर तिसऱ्या वर्षी देखभालीचा दर दुप्पट होतो आणि तुम्हाला नाही म्हणता येत नाही, कारण तुमची वही त्यांच्या कपाटात. आमच्या धंद्यात पहिल्या वर्षीचा भाव मुद्दाम कमी ठेवतात. म्हणून पाच वर्षांचा सगळा खर्च एका ओळीत मागा : पाट्या, बदली पाट्या, ॲप, देखभाल, एसएमएस, प्रशिक्षण. आणि देखभालीचे पैसे काम झाल्यावर, तिमाहीला.

केंद्र सरकारचं २०१५ पासून मुक्त स्रोत (म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वापरता, बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यायचं धोरण आहे. आपल्या राज्यातच २००३ मध्ये बंगळुरात ई-गव्हर्नमेंट्स फाउंडेशन सुरू झालं, त्यांनी घरपट्टी, तक्रारी, परवाने असलं शहरांना लागणारं सॉफ्टवेअर केलं आणि पुढं त्यांचं 'डिजिट' हे मुक्त स्रोत व्यासपीठ बऱ्याच राज्यांत गेलं. सांगायचा मुद्दा असा की घरपट्टी वसुली हा काही नवा शोध नाही. ज्या कामाचं सॉफ्टवेअर दहा ठिकाणी तयार आहे ते प्रत्येक पंचायतीनं अकराव्यांदा विकत घ्यायचं कारण नाही.

राजहंसगड

कुंदा भाऊ, पुण्यात बसून कुंदा मिळतो का? :)

कोड_आणि_कुंदा

मिळतो, पण तो खव्याला साखर घालून बनवलेला पेढा असतो. असो.

जांबोटी_चोर्ला

तुम्ही लोक ॲपवर भांडताय, आमच्याकडं रेंजवर भांडण आहे. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग बघितला असेल तर कळेल. कणकुंबीकडं पाऊस सुरू झाला की लाइट चार चार दिवस नसते, झाड पडलं की तार तुटते, आणि रस्त्याचं काम निघालं की जेसीबीनं पहिली गोष्ट काय उचलली तर पंचायतीची फायबर. ती जोडायला कुणाला फोन करायचा हेच कुणाला माहीत नसतं. भारतनेट, म्हणजे पंचायतींपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना, २०११ ला मंजूर झालं तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, तेव्हापासून 'येतंय' म्हणून ऐकतोय. आलं पण. चालू असलं की छान चालतं, खोटं कशाला बोलू. पण टाकायला ठेकेदार होता, सांभाळायला कोण?

आमच्या पंचायतीनं एक साधी गोष्ट केली. मोठ्या क्षमतेची इन्व्हर्टर बॅटरी घेतली आणि दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेला राउटर खिडकीत बसवला. एकाची रेंज गेली की दुसऱ्यावर. त्याला फार खर्च आला नाही. तेव्हापासून जातीचा, उत्पन्नाचा दाखला घ्यायला म्हाताऱ्या माणसांना खानापूरला जावं लागत नाही. एका उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जांबोटीहून खानापूरला जायचं म्हणजे बसचं भाडं, दिवसाची हजेरी बुडाली, आणि साहेब मीटिंगला गेलेले असले तर परत दुसऱ्या दिवशी. हा खर्च पंचायतीच्या हिशेबात कुठंच दिसत नाही म्हणून तो कुणी मोजत नाही. ताई, तुमच्याकडं नवीन काय घ्यायचं हे ठरवताना हाच मोजा : गावातल्या माणसाच्या किती चकरा वाचल्या.

तंबाखू_वखार

निपाणीहून. चकरांचा मुद्दा लाख मोलाचा. त्याच्याच पुढं 'भूमी'चं, म्हणजे जमिनीच्या नोंदी संगणकावर आणल्या त्या योजनेचं सांगतो, कारण आपल्या राज्यात संगणकावर घातलेला पैसा वसूल झाला असं ठामपणे म्हणता येईल अशी ती एक गोष्ट.

पंचवीस वर्षांपूर्वी पहाणी उतारा (आपला सातबारासारखा) म्हणजे तलाठ्याची मर्जी. वही त्याच्या पिशवीत आणि तो कुठल्या गावात सापडेल ते देवाला ठाऊक. नव्वदच्या दशकात केंद्राच्या पैशातून जमिनीच्या नोंदी संगणकावर भरायचा एक प्रयत्न झालाच होता. नोंदी भरल्या, पण हातानं लिहिलेला उताराही चालूच राहिला. मग संगणकातला कोण मागणार? तो प्रयत्न तसाच विरला. २००० च्या आसपास 'भूमी' आली तेव्हा यंत्रं काही फार वेगळी नव्हती. फरक एवढाच की तालुक्याचं काम पूर्ण झालं की त्या तालुक्यात हातानं लिहिलेला उतारा कायद्यानं बाद. तलाठ्याला माघारी वाट राहिली नाही. १७७ तालुके, दोन कोटींच्या घरात उतारे, ६७ लाख शेतकरी. उताऱ्याला १५ रुपये शुल्क ठेवलं आणि त्या शुल्कातून केंद्रांचा रोजचा खर्च निघायला लागला. म्हणजे कागद, शाई, बॅटरी, माणूस यासाठी दरवर्षी कुणापुढं हात पसरायला नको.

पंचायतीत आज उलटं आहे. संगणकात नोंद, वहीत नोंद, आणि अर्जदाराकडून त्याच कागदाच्या झेरॉक्स. ज्या दिवशी एखादी वही खरोखर बंद कराल त्या दिवशी संगणकाचे पैसे वसूल व्हायला लागतील.

जुना_हिशेबनीस

वखारवाल्यांचं बरोबर, पण एक पुरवणी. 'भूमी'नं उतारा मिळणं सोपं केलं. फेरफार, वारसा नोंद, मोजणी हे जिथं अधिकाऱ्यानं निर्णय द्यायचा असतो तिथं चहापाणी काही बंद झालं नाही. संगणक खिडकीवरची गर्दी कमी करतो, टेबलामागच्या माणसाची मर्जी कमी करत नाही. आणि त्या वेळी घाईघाईत भरलेल्या नोंदींत नावांच्या ज्या चुका झाल्या त्या लोक अजून निस्तरतायत. पहाणीत एक स्पेलिंग, आधारला दुसरं, मग पीएम-किसानचा हप्ता अडकला की तहसीलदाराकडं दुरुस्तीचा अर्ज. भरताना घरमालकाला वाचून दाखवायचे पाच मिनिटांचे पैसे वाचवले, ते शेतकऱ्यांनी वीस वर्षं फेडले.

वडगाव_विणकर

नावं चुकणारच हो. घरात मराठी, उतारा कन्नड, आधार इंग्रजी. माझ्या आईला घरपट्टीची पावती वाचता येत नाही, रक्कम तेवढी कळते. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्याही भाषेत द्यायच्या हे केंद्राचं जुनं धोरण आहे. वही होती तेव्हा निदान कारकून मराठीत सांगायचा. आता स्क्रीनकडं बोट दाखवतो. इथं भाषेचा प्रश्न सोडवल्याशिवाय कसलं आलंय मूल्य? मुळात १९५६ साली

राजहंसगड

झालं. आता महाजन अहवाल येणार.

वडगाव_विणकर

आला तर आला. तुम्हाला पावती वाचता येते म्हणून विनोद सुचतोय.

धागा_नियंत्रक

सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत, तिथं मोकळेपणानं लिहा. पावती वाचता न येणं हा मात्र याच धाग्याचा विषय आहे, त्यावर चर्चा चालू द्या.

कोड_आणि_कुंदा

विणकर काकांचा मुद्दा तांत्रिक बाजूनं बघितला तर अगदी सोपा आहे. माहिती एकच ठेवायची आणि दाखवताना लिपी बदलायची. सुरुवातीलाच आराखड्यात धरलं तर खर्च नगण्य, नंतर चिकटवायला गेलं तर महाग. एटीएमवर भाषा निवडतोच ना आपण. राज्याची प्रणाली पंचायत बदलू शकत नाही, पण ताईंच्या पंचायतीला वॉर्डवार थकबाकीची यादी आणि ग्रामसभेची सूचना मराठीत छापून फळ्यावर लावायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. कन्नड सोबत ठेवा. एक प्रिंटआउट लागतो, ॲप नाही.

जुना_हिशेबनीस

आणि वॉर्डसभेत ती यादी मोठ्यानं वाचा. मालकाचं नाव, घर क्रमांक, मोजमाप, बाकी. तिथल्या तिथं बायका सांगतात, 'अहो ते घर थोरल्याचं, धाकटा तर मुंबईला.' नोंद दुरुस्त करायला याहून स्वस्त यंत्र मी बघितलेलं नाही.

चंदगडी_काजू

हद्दीपलीकडून बोलतो. आमच्या बाजूला प्रत्येक ग्रामपंचायतीत आपले सरकार सेवा केंद्र आहे. त्याचे पैसे वित्त आयोगाच्या निधीतून पंचायतीनं वर पाठवायचे, महिन्याला बारा हजारांच्या वर. ऑपरेटरच्या हातात पडायचे त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि तेही वेळेवर नाही, यावरून मोर्चे झाले. उरलेल्यात कागद, टोनर, सॉफ्टवेअर वगैरे धरलेलं असायचं. पण टोनर कधी येणार हे विचारायला पंचायतीच्या हातात करारच नाही, कारण करार वर झालेला. तेव्हा बेळगावकरांनो, पलीकडं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. पैसे ज्यानं द्यायचे त्याच्याच हातात काम तपासायचं राहिलं पाहिजे, एवढं मात्र आम्ही शिकलो.

टिळकवाडी_तिसरं_गेट

गावाचं झालं, शहराचं पण घ्या. बेळगाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं. केंद्राचे प्रत्येक शहराला ५०० कोटी आणि तेवढेच राज्य व स्थानिक संस्थेचे, असा तो हिशेब होता. कॅमेरे, नियंत्रण कक्ष, सगळं आलं. आता मिशन मार्च २०२५ ला संपलं. मला एवढंच विचारायचं आहे की कॅमेऱ्यांची, पडद्यांची, परवान्यांची वार्षिक देखभाल यापुढं कुणाच्या अंदाजपत्रकात? घरपट्टी भरणाऱ्याला हे कळायला नको? एलईडी दिवा असो की सेन्सर, सात-आठ वर्षांनी तो बदलावा लागतोच. खरेदीच्या वेळी फीत कापायला सगळे येतात, बॅटरी बदलायला कोणी येत नाही.

उलट उदाहरण पण आपल्याच शहरात आहे. २००८ पासून बेळगावातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, जागतिक बँकेच्या मदतीनं, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याबरोबर. तेव्हा लोक म्हणायचे की राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी असं पुरणारच नाही. त्यात जुन्या नळवाहिन्या बदलल्या, प्रत्येक घराला मीटर बसवला, आणि किती सोडलं आणि किती पोचलं याचा भागाभागांत हिशेब ठेवला. यंत्र साधंच, मीटर. पण आकडा रोज कुणीतरी बघत होतं आणि त्यावरून गळती कुठं आहे ते शोधत होतं. ज्या आकड्यावरून दुसऱ्या दिवशी कुणी काही करणार नाही तो आकडा गोळा करायला पैसे का घालायचे?

तंबाखू_वखार

याला जोडून 'सकाल'. २ एप्रिल २०१२ पासून आपल्याकडं कायदा आहे : ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई, आणि ती जबाबदार कर्मचाऱ्याकडून वसूल. कागदावर उत्तम. पण सगळा खेळ त्या पोचपावतीच्या नंबरवर आहे. अर्ज घेतला आणि 'उद्या ये, नंबर देतो' म्हटलं की घड्याळ सुरूच होत नाही. मुदतीत निकाली निघालेल्या अर्जांची टक्केवारी वर झकास दिसते आणि माणूस दारात उभाच. ताई, तुम्ही सदस्य आहात. महिन्यातून एकदा बाकावर बसलेल्यांना विचारा, नंबर मिळाला का. बाकी काही नाही केलं तरी चालेल.

पश्चिमभाग

सगळ्यांचे आभार. तुमचं वाचून मी दोन दिवस कार्यालयात जाऊन बसले आणि काय काय आहे ते बघितलं. दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली. पंचायतीचा ईमेल आणि दोन-तीन सरकारी पोर्टलांची खाती आधीच्या ऑपरेटरच्या खासगी मोबाइल नंबरवर उघडलेली आहेत. तो मुलगा नोकरी सोडून गोव्याला गेला. आता ओटीपी त्याला जातो. आमची ऑपरेटर मुलगी त्याला फोन लावते, तो कामात असला की दुपारपर्यंत थांबायचं. तोवर ओटीपीची वेळ संपलेली असते, की परत पहिल्यापासून, मग तो नवा आकडा सांगतो. 'सर्व्हर नाही' म्हणून लोक परत जात होते त्यातल्या बऱ्याच वेळा सर्व्हर ठीक होता, मुलगा गोव्यात फोन उचलत नव्हता. पीडीओ साहेब नवीन, त्यांना हे माहीतही नव्हतं. बिलं अडकली होती त्याचं कारण पण असलंच निघालं. डिजिटल सहीच्या डोंगलची मुदत संपलेली आणि ती कधी संपते हे कुठंच लिहून ठेवलेलं नाही.

दुसरी चांगली आहे. आमच्या वॉटरमन मामांनी वरच्या बोअरवेलला मोबाइल स्टार्टर बसवून घेतलाय, शेतकरी वापरतात तसला. घरून कॉल लावला की मोटर सुरू, लाइट गेली-आली की मेसेज. आधी पहाटे टॉर्च घेऊन शिवारात जायचे, पावसाळ्यात साप, चिखल. टाकी भरून वाहायची ते पण थांबलं. सात-आठ हजारांत काम झालं आणि त्याचा ठराव करतानासुद्धा बैठकीत कुणी 'डिजिटल' हा शब्द उच्चारला नव्हता.

कोड_आणि_कुंदा

गोव्याचा ओटीपी! मी मोठमोठ्या कंपन्यांत हेच बघितलंय, फक्त तिथं मुलगा अमेरिकेत असतो.

लगेच करा : पंचायतीच्या नावावर एक सिम, साधा बटणाचा फोन, आणि तो कार्यालयातून बाहेर न्यायचा नाही. सगळी खाती त्यावर वळवा. ईमेल पदाच्या नावानं ठेवा, माणसाच्या नाही. पासवर्ड बदला आणि बंद पाकिटात पीडीओंच्या कपाटात ठेवा. पीडीओ बदलले की पदभार देण्याघेण्याच्या यादीत डोंगल आणि ही खाती लिहायचीच, चाव्या लिहितात तशी.

जांबोटी_चोर्ला

बटणाचा फोन कोण चार्ज करणार ते पण ठरावात लिहा. चेष्टा नाही करत.

वडगाव_विणकर

आणि ठराव मराठीतही वाचून दाखवा. मी पण चेष्टा नाही करत.

पश्चिमभाग

बैठक झाली. कंपनीला चार प्रश्न लेखी पाठवायचे ठरले : पंचतंत्राशी जोडणी, पाच वर्षांचा खर्च, माहिती परत देणं आणि एका वॉर्डात महिनाभर फुकट चाचणी. उत्तर येईपर्यंत विषय बाजूला. अध्यक्ष थोडे नाराज झाले, पण ओटीपीची गोष्ट सांगितल्यावर सगळे हसले आणि वातावरण निवळलं. पीडीओ साहेब पहिल्यांदा बोलले, म्हणाले की मला पण पाट्या नकोच होत्या.

मंजूर काय झालं तर यूपीएसच्या बॅटऱ्या, दुसऱ्या संगणकाची दुरुस्ती, पंचायतीचं सिम. थकबाकीची यादी कन्नड-मराठी दोन्हीत फळ्यावर लावायची आणि पुढच्या वॉर्डसभेत वाचायची. आठवड्यातून तीन दुपारी मदतीला अजून एक मुलगी, पैसे स्वतःच्या उत्पन्नातून. यावर मात्र बरीच वादावादी झाली, एका सदस्यांनी सही केली नाही. वसुली वाढली नाही तर सहा महिन्यांनी तिला बंद करायचं असं ठरलंय. मला ते पटलेलं नाही, पण तेवढ्यावरच मिटलं.

आता एक विचारायचं राहिलं. खालच्या वाडीच्या टाकीला पण तसलाच स्टार्टर बसवायचा आहे. तिथं व्होल्टेज फार कमी येतं आणि मागच्या उन्हाळ्यात मोटर जळाली होती. कुणाचा अनुभव?

राजहंसगड

व्होल्टेज कमी असलं की सुरूच होणार नाही, एक फेज गेली की बंद पडेल आणि बोअरमध्ये पाणी खाली गेलं की पण थांबेल, असला स्टार्टर मागा. तिन्ही गोष्टी त्यात हायत का ते दुकानदाराकडनं बिलावर लिहून घ्या, नुसतं तोंडी नको. आमच्या भातावर तोच बसवलाय, तीन उन्हाळे झाले. आणि सिमचा रिचार्ज वर्षाचा एकदम मारा. आमचा एकदा ऐन मे महिन्यात संपला, सगळे मोटर जळाली म्हणून मिस्त्रीला घेऊन आले, त्यानं फोन बघितला आणि दोनशे रुपये घेऊन गेला.

पश्चिमभाग

लिहून घेतलं. बटणाच्या फोनच्या सिमचा पण एकदमच मारते.